एक्केचाळीस गालबोटं

रविवारी सकाळी साडेनऊला अण्णांनी घरातच डोक्यावर टोपी चढवली, आणि सगळ्यांनी ओळखलं की आता हे घर राहिलं नाही, कचेरी झाली.

भालचंद्र सबनीसांनी गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत, रजा-बदल्या बघणाऱ्या एस्टॅब्लिशमेंट शाखेत, चौतीस वर्षं काढली होती. निवृत्तीला सहा वर्षं झाली तरी बालीगंजच्या ह्या तीन खोल्यांत त्यांनी ती शाखा चालूच ठेवली होती. सुनांना माहेरी जायचं असलं तर कारण द्यावं लागे आणि निकाल दुसऱ्या दिवशी मिळे. घरातल्या प्रत्येकाच्या नावाची एक फाइल होती, लाल फितीची, आणि त्या सगळ्या अण्णांच्या कपाटात उभ्या होत्या. सर्वांत जाड फाइल दिगंबरची. ती आज मेजावर आली होती.

दिगंबर म्हणजे त्यांचा धाकटा मुलगा. तीन वर्षं कुवेतला तेलाच्या कंपनीत काढून तो गुरुवारी मुंबई मेलने हावड्याला उतरला होता. उतरल्या उतरल्या, हमालाच्या डोक्यावर ट्रंक चढायच्या आतच अण्णांनी त्याचा हात धरून सांगितलं होतं, "तुझं काम झालं आहे. रविवारी सगळ्यांदेखत सांगतो. तोवर त्या विषयावर एक अक्षर बोलू नकोस."

दिगंबरला आकाश ठेंगणं झालं. अडतिसाव्या पत्रात त्याने अण्णांना विचारलं होतं, की कंपनीने मला कुटुंबासाठी घर मंजूर केलं आहे, तर वृंदा आणि आशाला घेऊन जाऊ का? अण्णांचं उत्तर आलं होतं, 'तुझ्या मनासारखं होईल. निश्चिंत राहा.' त्या भरवशावर त्याने मुंबईहून अठरा तारखेला सुटणाऱ्या बोटीवर तीन जागा धरून ठेवल्या होत्या. तेव्हा काम झालं म्हणजे काय झालं, हे विचारायची त्याला गरजच वाटली नाही. तीन दिवस तो तोंड दाबून हसत घरात फिरत होता.

अण्णांच्या मनात मात्र भलतंच काम होतं, आणि तेही झालं होतं.

"इकडे ये रे जरा," माईंनी दिगंबरला उजेडात ओढलं आणि त्याच्या गालावर अंगठा रोवून सोडला. गाल टुणकन वर आला. माईंनी दुसऱ्या गालावर तोच प्रयोग केला. "हे अंग नाही हो. सूज आहे ही."

"माई, वजन वाढलंय माझं."

"परमुलखात कुणाचं वजन वाढतं? पाण्याने सुजला आहेस."

"आमचा बाबा खूब मोटा," आशाने खिडकीच्या गजाला लोंबकळत निकाल दिला. ती सहा वर्षांची होती आणि तिचं मराठी शेजारच्या बंगाली पोरींबरोबर खेळून अर्धं झालं होतं. तीन वर्षांनी घरी आलेला हा माणूस तिला एकूण पसंत पडला होता.

"बसा," अण्णा म्हणाले.

सगळे बसले. थोरला शरच्चंद्र अण्णांच्या उजव्या हाताला, कारण तोही गार्डन रीचलाच होता आणि कचेरीची रीत त्याला ठाऊक होती. त्याची बायको सुचित्रा वाटाणे सोलत उंबऱ्याशी बसली. वृंदा तिच्यामागे, भिंतीला टेकून. वृंदाच्या नवऱ्याबद्दल आज बोलणं व्हायचं होतं, म्हणून तिने सर्वांत लांबची जागा घेतली होती.

"शरद, वाच," अण्णांनी फीत सोडली.

शरच्चंद्राने चष्मा सारखा केला. पहिल्या पानावर अण्णांच्या टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'चि. दिगंबर: परदेशातील हालअपेष्टा. पत्रांतून काढलेला गोषवारा.'

"हालअपेष्टा?" दिगंबर म्हणाला.

"मध्ये बोलू नकोस. नंतर वेळ मिळेल."

शरच्चंद्र वाचू लागला. तो कचेरीत वाचतो तसाच, सुरात चढउतार न करता, वाचत होता. "एक. जेवणात वाळू येते. दोन. माशा फार. तीन. वाऱ्याच्या दिवशी समोरचं घर दिसत नाही. चार. पापलेट रोज खावं लागतं आणि आमसूल मिळत नाही."

"रोज पापलेट?" सुचित्राचा हात वाटाण्यात थांबला. सबनीसांच्या घरात मासे आवडीचे, पण कलकत्त्यात पापलेट दिसायचं ते वर्षातून दोनदा, तेही कुणी ओळखीचं मुंबईहून येताना आणलं तर. बाकी दिवस इलिशच्या काट्यांशी झुंजायचं.

"आमसुलाशिवाय," माई कळवळून म्हणाल्या. "ते पत्र आलं त्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरला नाही."

"नऊ," शरच्चंद्र पुढे गेला, "पाणी समुद्राचंच गाळून देतात, ते गोड असतं पण त्याला चव म्हणून नाही. चौदा. कचेरी दुपारी दोनला सुटते, पुढे वेळ कसा घालवावा हा प्रश्न पडतो. सतरा. कचेरीत थंड हवेचं यंत्र बसवल्यामुळे जून महिन्यात सर्दी झाली."

सुचित्राने जावेकडे पाहिलं. वृंदा पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत होती.

"तेवीस. कंपनीचा डॉक्टर दर सहा महिन्यांनी निष्कारण सर्व अंग तपासतो. एकोणतीस. कोटाची बटणं लागेनाशी झाली आहेत."

"ह्याच्यापुढे मी शेरा मारला आहे," अण्णा म्हणाले. "तिथे शिंपी नाही."

"अण्णा, तिथे शिंपी आहे."

"मग बटणं का लागत नव्हती?"

दिगंबरने आपल्या पोटाकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. आशा खिडकीवरून उतरून जवळ आली आणि तिने त्यावर एक चापट मारून पाहिली. सुचित्राला हसू आवरेना, तिने वाटाण्यांचं ताट नाकापर्यंत उचललं.

"भाऊजी," ती ताटामागून म्हणाली, "ही गाऱ्हाणी तुम्ही मला देऊन टाका. मी आनंदाने सोसेन."

"सुचित्रा, हा चेष्टेचा विषय नाही," शरच्चंद्र म्हणाला, पण पुढचा आकडा वाचताना त्याचाही आवाज जरा हलला. "एक्केचाळीस. मुदपाकखाना फार मोठा असल्याने चालून पाय दुखतात."

अण्णांनी हात वर केला. वाचन थांबलं. मग त्यांनी खिशातून एक लांब पाकीट काढलं आणि ते दोन्ही हातांनी, देवापुढे नारळ ठेवावा तसं, मेजावर ठेवलं.

"तीन वर्षांत एक्केचाळीस गाऱ्हाणी. पत्रागणिक एक. मी नोकरीत हजारो माणसांचे अर्ज पाहिले, पण सलग इतकं सोसलेला माणूस पाहिला नाही. म्हणून मी शरदला सांगितलं. शरदने साहेबांकडे शब्द टाकला. ही तुझ्या नेमणुकीची ऑर्डर. गार्डन रीच, माझीच शाखा. एक तारखेला हजर व्हायचं. आता तुला परत जायला नको."

अण्णांचे डोळे भरून आले होते. माईंनी तर केव्हाच पदर लावला होता. दिगंबर मात्र उभा राहिला होता, आणि त्याच्या तोंडून जे आलं ते त्यालाही ऐकायला चमत्कारिक वाटलं.

"पण बोट अठराला आहे."

"कसली बोट?"

"तीन जागा धरल्यात मी, अण्णा. माझी, वृंदाची आणि आशाची. तुम्हीच लिहिलं होतंत ना, तुझ्या मनासारखं होईल."

"ते मी तुझ्या सदतिसाव्या आणि अडतिसाव्या गाऱ्हाण्याला लिहिलं होतं. सदतीस, एकटेपणा वाटतो. अडतीस, कलकत्त्याची फार आठवण येते."

"आणि अडतिसाव्या पत्राच्या सुरुवातीला मी विचारलं होतं ते?"

"सुरुवातीला काय होतं?" अण्णांनी विचारलं, आणि खरोखरच विचारलं.

शरच्चंद्राने पाकिटाकडे पाहिलं. त्याला आठवली ती साहेबाच्या खोलीबाहेरची पाऊण तासाची बैठक. बारा वर्षांच्या नोकरीत त्याने कुणाकडे साधी पेन्सिल मागितली नव्हती. त्या दिवशी आत जाऊन तो म्हणाला होता, सर, माझा भाऊ परदेशात फार हालात आहे. साहेबाला इतकं वाईट वाटलं की त्याने चहा मागवला होता. आणि आता तो हालात असलेला भाऊ समोर उभा होता, दोन हनुवट्या घेऊन.

"दिगू," तो म्हणाला, "तू सुखी होतास?"

"हो, दादा."

"तीन वर्षं?"

"पहिले चार महिने नव्हतो. मग होतो."

"मग हे काय आहे?" शरच्चंद्राने फाइल उचलून आपटली. त्यातून वाळूची एक चिमूट खरंच मेजावर सांडली. "मी माझ्या तोंडाने साहेबापुढे रडलो तुझ्यासाठी. उद्या जाऊन काय सांगू त्यांना?"

"सांगा, भाऊ सुखी निघाला, क्षमा असावी," सुचित्रा म्हणाली. मग तिला ते इतकं आवडलं की ती पुन्हा मनाशी म्हणाली आणि ताट बाजूला ठेवून खुदखुदत बसली. शरच्चंद्राने तिच्याकडे रागाने पाहिलं. पण तिचं खुदखुदणं त्याने बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं, आणि त्याचा राग एक पायरी उतरला.

अण्णांना मात्र रीत सोडवत नव्हती. त्यांनी कोरा कागद पुढे ओढला. "चौकशी केली पाहिजे. दिगंबर, बस. तीन मुद्दे. काम, शिक्षण, प्रकृती. खरं ते सांग. गाळूनही नको आणि फुगवूनही नको. काम काय करतोस?"

दिगंबर बसला. तीन दिवस दाबून धरलेलं बोलणं आता एकदम वर आलं.

"जहाजांची आखणी करतो. जगातनं तेलाची जहाजं येतात. कुठलं आधी लागणार, कुठलं किती भरणार, कुठल्या भरतीला सुटणार, ते कागद माझ्या टेबलावर होतात. इथे मी आठ वर्षं एकाच टेबलाशी बसून रजेचे अर्ज लावत होतो. तिथे दुसऱ्याच वर्षी मला म्हणाले, तू हे बघ."

"आणि चूक झाली तर?" शरच्चंद्राने विचारलं. विचारायचं नव्हतं, पण विचारलं गेलं.

"जहाज उभं राहतं, दादा. समुद्रात. आणि सगळी बंदरं विचारतात का उभं आहे."

आपल्या हातून चूक झाली तर काय उभं राहील, ह्याचा शरच्चंद्राने विचार केला. काहीच नाही. फार तर कागद आणखी एका खोलीत जाऊन येईल. त्याला भावाचा हेवा वाटला, आणि हेव्याबरोबर, त्याचं त्यालाच नवल वाटावं इतका, अभिमानही वाटला.

"साहेब लोक कसे वागवतात?" अण्णांनी लिहीत विचारलं.

"कामात बरे. कामाबाहेर, त्यांची वस्ती वेगळी आहे. टेकडीच्या वरच्या अंगाला त्यांचे बंगले, झाडं, पोहायचा हौद. मधे आम्ही कारकून. आणि पार कडेला, वाळूत, मजूर, तंबूंत. त्या हौदाच्या पाण्याला मी अजून बोट लावलेलं नाही. आम्हाला मनाई आहे. ते मला खुपतं, आणि तंबूंकडे बघितलं की जास्त खुपतं. हे मी कधी लिहिलं नाही."

"हे खरं गाऱ्हाणं. हे का नाही लिहिलंस?"

"हे गाऱ्हाणं तुमच्याने सुटण्यातलं नव्हतं."

अण्णांनी मान हलवली आणि ते लिहून घेतलं. "शिक्षण. आशाचं काय?"

इथे दिगंबर अडखळला. त्याने वृंदाकडे पाहिलं, आणि ते माईंनी टिपलं.

"तिथल्या लोकांच्या मुलांसाठी त्यांचं सरकार शाळा बांधत सुटलंय, अण्णा. पुस्तकं, कपडे, बूट, दुपारचं जेवण, सगळं शाळेतून. डॉक्टर शाळेत येतो. मुलीसुद्धा जातात. बघत राहावंसं वाटतं. पण ते त्यांच्यासाठी, आणि अरबीतून. साहेबांच्या मुलांची शाळा इंग्रजी, ती साहेबांच्याच मुलांसाठी. आमच्यासाठी शाळा नाही."

"मग?"

"आमच्या वस्तीत एक बाई आपल्या ओसरीवर वर्ग घेतात. अकरा मुलं आहेत. मद्रासची, गोव्याची, कराचीची. त्यांना जोडीला आणखी एक शिकवणारी हवी आहे. मी सांगितलं, माझी बायको मॅट्रिकला पहिल्या वर्गात आली आहे."

खोलीतल्या सगळ्या माना भिंतीकडे वळल्या. वृंदाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता.

"ओसरीवर," अण्णा म्हणाले. "ओसरीवरच्या वर्गासाठी माझी नात कलकत्ता सोडणार?"

"जाऊबाई," सुचित्रा हळूच मागे वळून म्हणाली, "मुदपाकखाना खरंच एवढा मोठा आहे का गं?" वृंदाने डोळे न उचलता होकार भरला. ते तिला कसं ठाऊक, हे विचारायचं सुचित्राच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

"तिसरा मुद्दा राहू दे," माई एकदम म्हणाल्या. "प्रकृतीचं मी सांगते. माझंच चुकलं."

माईंचा आवाज ह्या कचेरीत सहसा होत नसे, म्हणून अण्णांनी लेखणी खाली ठेवली.

"हा निघाला तेव्हा हावड्याला गाडीच्या खिडकीशी मी ह्याला सांगितलं होतं. पत्रात सगळं छान छान लिहू नकोस. पोस्टातली माणसं वाचतात, शेजारीपाजारी ऐकतात, दृष्ट लागते. शेवटी एखादं उणं घालत जा. लेकराला तीट लावतात ना, गालबोट, तसं."

शरच्चंद्राने फाइल पुन्हा पुढे ओढली.

"म्हणजे ही एक्केचाळीस," शरच्चंद्र म्हणाला, "गालबोटं आहेत?"

"सुरुवातीला सोपं होतं, दादा," दिगंबर अगदी अपराधी तोंडाने म्हणाला. "वाळू होती, माशा होत्या. पहिल्या वर्षात ती संपली. मग दर पत्राला काय उणं काढायचं ह्याने माझी झोप उडायची. मुदपाकखान्याचं लिहिलं तेव्हा मला खरोखर दुसरं काही सुचेना."

"पण माई," सुचित्रा म्हणाली, "तुम्हीच सांगितलं होतंत, तर तुम्ही का रडत होतात?"

"मी खोटं घाल म्हणाले होते," माई म्हणाल्या. "पण ह्याने लिहिलं की मला खरंच वाटायचं. आईला कुठे कळतं त्यातलं गालबोट कुठलं ते."

आधी सुचित्रा फुटली. मग शरच्चंद्र, चष्मा काढून, खांदे हलवत. दिगंबर मेजावर डोकं ठेवून हसू लागला आणि आशा, कशाला ते न कळता, त्याच्या पाठीवर बसून हसू लागली. माई रडता रडता हसल्या. शरच्चंद्राने फाइल उघडून 'तेवीस, निष्कारण सर्व अंग तपासतो' एवढंच वाचलं आणि पुन्हा सगळे सुरू झाले. खालच्या मजल्यावरून कुणीतरी बंगालीत विचारलं, काय झालं, बरं आहे ना सगळं?

अण्णा हसले नाहीत. ते फाइलमधल्या पत्रांची चळत उलटसुलट करून बघत होते.

"प्रत्येक पत्र चार पानी आहे," ते म्हणाले. "मी शेवटचा परिच्छेद काढून घेत होतो. अर्जातली मागणी नेहमी शेवटच्या परिच्छेदात असते. वर नुसता शिरस्त्याचा मजकूर असतो. चौतीस वर्षं मी तसंच वाचलं. घरात तुम्हाला वाचून दाखवलं तेही तेवढंच." मग त्यांनी दिगंबरकडे पाहिलं. "वर तू काय लिहीत होतास?"

दिगंबरने डोकं वर केलं, पण त्याने काही बोलायच्या आत भिंतीजवळून आवाज आला.

"'ती. अण्णांस सा. न. वि. वि. काल माझ्या आखणीप्रमाणे सात जहाजं धक्क्याला लागली आणि सातही वेळेवर सुटली. मोठे साहेब स्वतः माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, मिस्टर सबनीस, हे काम तुम्हाला कुणी शिकवलं? मी म्हटलं, माझ्या वडिलांनी. ते फाइल लावताना मी लहानपणी शेजारी बसत असे. अण्णा, तेव्हा तुम्ही इथे असायला हवे होतात असं फार वाटलं.'"

वृंदा थांबली. ती एकटक समोर बघत होती, शाळेत कविता म्हणताना मुली बघतात तशी.

"हे कुठल्या पत्रात आहे?" अण्णांनी विचारलं.

"सव्विसाव्या. पान दुसरं."

"तुला कसं माहीत?"

नऊ वर्षांत वृंदा ह्या घरात मोठ्याने जेवढं बोलली होती, त्याच्यापेक्षा हे जास्त झालं होतं. आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. "दर गुरुवारी तुम्ही मंडळात जाता. मी कपाट पुसते. फाइल काढून वाचते. वरची सगळी पानं मला पाठ आहेत."

"परवानगीवाचून?"

"हो. ती पत्रं माझ्या नवऱ्याची होती, अण्णा. मला नावाने वेगळं पत्र कधी आलं नाही. मग मी त्यातूनच माझं घेत होते."

सुचित्राने मागे हात नेऊन वृंदाचा हात घट्ट धरला. त्या क्षणी त्या दोघी कधी नव्हे इतक्या एका बाजूच्या झाल्या. शरच्चंद्र अण्णांकडे बघत होता. एवढा मोठा शिस्तभंग ह्या शाखेत आजवर झाला नव्हता.

अण्णांनी सव्विसावं पत्र काढलं. दुसरं पान. त्यांनी ते वाचलं, मग पुन्हा वाचलं, आणि वाचता वाचता त्यांना हसू यायला लागलं. आधी मिशीत, मग पोटातून. त्यांना इतकं हसू आलं की टोपी काढून ठेवावी लागली. "शिरस्त्याचा मजकूर," ते म्हणत होते, "मी ह्याला शिरस्त्याचा मजकूर समजलो." सगळ्यांना पुन्हा हसायला सवड मिळाली. शरच्चंद्राने नेमणुकीची ऑर्डर खिशात घातली आणि म्हणाला, "उद्या साहेबांना हेच पान दाखवतो. चहाची तरी भरपाई होईल."

हळूहळू हसणं ओसरलं. अण्णांनी डोळे पुसले, पण ते पुन्हा भरले.

"मी ह्या तीन वर्षांत रोज तुझं दुःख केलं," ते दिगंबरला म्हणाले. "ते फुकट गेलं, त्याचं काही नाही. पण एक सांगतो. त्यात मला आधारही होता. मनात म्हणायचो, हालात आहे, म्हणजे परत येईल. सुखी माणूस कशाला येतो परत?"

"दर तीन वर्षांनी रजा असते, अण्णा. प्रवास धरून महिनाभर."

"मी चौसष्ट वर्षांचा आहे," अण्णा म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. नोंद करावी तसं ते म्हणाले.

दिगंबरने तोंड उघडलं. 'मी राहतो' असं त्याच्या जिभेवर आलं होतं, आणि ते वृंदाला इतकं स्वच्छ दिसलं की तिने सुचित्राचा हात आवळला. अण्णांनाही ते दिसलं असावं. त्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली आणि ते सरळ भिंतीकडे वळले.

"वृंदा, तुला जायचं आहे का?"

हा प्रश्न तिला ह्या घरात कधीच कुणी विचारला नव्हता. कुठे जायचं, काय करायचं, ते सांगितलं जाई. ती उठून उभी राहिली. विचार करते म्हणावं, तुम्ही म्हणाल तसं म्हणावं, असं सगळं तिला येत होतं.

"हो," ती म्हणाली, प्रश्न संपायच्या आत म्हणावं इतक्या घाईने, आणि शरच्चंद्रसुद्धा हसला.

"आणि ओसरीवर शिकवशील?"

"शिकवीन."

"मग जा. ओसरीवरच मीही शिकलो," अण्णा म्हणाले. "अठरा तारीख म्हणजे कलकत्ता चौदाला सोडायला हवं. आज पाच. नऊ दिवस आहेत." त्यांनी आशाकडे पाहिलं. ती बापाच्या पाठीवरून घसरून खाली आली होती आणि वाटाण्याच्या शेंगा फोडून खात होती. "हिलाही नेणार ना?"

उत्तर त्यांना ठाऊक होतं, तरी ते थांबले.

"हो, अण्णा," वृंदा म्हणाली.

"बरं," अण्णा म्हणाले. "मग जाईपर्यंत दुपारी तिला माझ्याजवळ झोपू द्या."